एका बिटाने सरकलेलं सामान

या महिन्यात तीन पत्रं एकाच विषयावर आली: गेमची सेव्ह फाइल (खेळ जिथे थांबवला ती स्थिती साठवणारी फाइल) आणि तिच्यात मांडून ठेवलेलं सामान. ऊन ४५ अंशांकडे झुकलं, कॉलेजांना सुट्ट्या लागल्या, की दुपारी कूलरपुढे बसून जुने संगणक उघडले जातात. नागपुरात हे दर मे महिन्यात होतं. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्या मुलानं खरोखर मेहनत घेतली आहे आणि तो अगदी दाराशी येऊन अडला आहे.

प्रश्न: ताई, मी मानेवाड्याला राहतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दादा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा जुना संगणक माझ्याकडे आला. त्यात डायब्लो २ आहे, १.१३ आवृत्ती, फक्त ऑफलाइन. दादाची ८७ लेव्हलची सोर्सरेस, म्हणजे जादूगारीण, अजून तशीच आहे. तिच्याजवळच्या सगळ्या वस्तूंची यादी काढून दादाला पाठवावी म्हणून मी पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला. पोशन बरोबर वाचली जातात, तलवारी आणि ढालीपण येतात. अंगठ्या, माळा आणि चार्म (ताईत) मात्र काऊन बिघडून राहिल्या, समजत नाही. भलतेच गुण, भलतेच आकडे, आणि शेवट सापडतच नाही. ढालीवरची स्ट्रेंग्थपण गेममध्ये दिसते त्यापेक्षा ३२ नं जास्त येते. आणि ढालीची झीज भरून काढून मी फाइल परत लिहिली, तर गेम ते पात्र उघडतच नाही. मूळ फाइलची कॉपी होती म्हणून वाचलो.

उत्तर: कॉपी ठेवलीस हे सगळ्यात आधी चांगलं केलंस. आता तुझ्याच पत्रात उत्तर कुठे दडलं आहे ते दाखवते. पोशन बरोबर, तलवार बरोबर, ढाल बरोबर. अंगठी, माळ, चार्म चूक. चूक सगळीकडे असती तर शोधणं अवघड गेलं असतं. ती ठराविक वस्तूंवरच येते, म्हणजे त्या वस्तूंमध्ये असं काहीतरी जास्तीचं आहे जे तू वाचत नाहीस.

माझ्या बाबांचं महालात शिवणकामाचं दुकान होतं. इतवारीतून कापडाचं थान यायचं आणि एकाच थानातून दहा-बारा गिऱ्हाइकांचे तुकडे कापायचे. बाबा मला नेहमी सांगत, पहिली खूण एक बोट सरकली की शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांचं कापड चुकतं. या फाइलमधलं सामान अगदी तसंच, सलग थानासारखं आहे. दोन माहितींच्या मध्ये स्वल्पविराम नाही, मोकळी जागा नाही, बाइटची हद्दसुद्धा पाळलेली नाही (बिट म्हणजे एकच ० किंवा १, आणि आठ बिटांचा एक बाइट). कुठलं माप कुठे संपतं हे आधीच्या मापावरून कळतं. म्हणून एक खूण चुकली की पुढचं सगळं अक्षरशः अर्थहीन होतं, आणि दिसायला मात्र आकडेच दिसतात.

वस्तूच्या सुरुवातीपासून, म्हणजे तिच्या स्वतःच्या 'जेएम' या दोन अक्षरांसकट, बिट मोजत चल. मोजणी शून्यापासून. ३७ वा बिट सांगतो की वस्तू साधी आहे की सविस्तर. पोशन साधी असते, तिचं सगळं १४ बाइटांत आटोपतं, म्हणून तुझी पोशन कधीच बिघडली नाहीत. ७६ ते १०७ या ३२ बिटांत वस्तूची खूण, तीन अक्षरं आणि एक रिकामी जागा. मग ३ बिट: भोकांमध्ये किती रत्नं बसवली आहेत. १११ पासून ३२ बिट: वस्तूचा स्वतःचा क्रमांक. १४३ पासून ७ बिट: वस्तूची लेव्हल. १५० पासून ४ बिट: दर्जा. ४ म्हणजे मॅजिक, ५ सेट, ६ रेअर, ७ युनिक. आणि मग १५४ वा बिट.

हाच तो. हा बिट विचारतो, 'या वस्तूची एकापेक्षा जास्त चित्रं आहेत का?' तलवारीचं चित्र एकच असतं, म्हणून तिथे शून्य येतं आणि तू पुढे जातोस. अंगठ्या, माळा, चार्म आणि ज्युएल यांची वेगवेगळी चित्रं असतात. तिथे हा बिट १ असतो आणि त्याच्यानंतर ३ बिट येतात, कोणतं चित्र ते सांगणारे. तू १५४ वा बिट वाचतोस, पण ते ३ बिट घेत नाहीस. मला हे जवळजवळ खात्रीनं सांगता येतं, कारण दुसरं काही असतं तर ढालीही बिघडल्या असत्या.

त्यातही प्रत्येक अंगठी वेगळ्या तऱ्हेनं बिघडते, हे तुला दिसलं असेलच. चित्राच्या बिटांनंतर आणखी एक विचारणा असते: ही वस्तू एखाद्या ठराविक पात्रवर्गाची आहे का? उत्तर १ असेल तर ११ बिट जास्तीचे येतात. तू चित्र सोडल्यामुळे चित्राचा पहिला बिटच तुला पात्रवर्गाचं उत्तर वाटतो. तो शून्य असला तर तू खऱ्या जागेच्या ३ बिट मागे राहतोस. तो १ असला तर नसलेले ११ बिट वाचून खऱ्या जागेच्या ८ बिट पुढे निघून जातोस. कागदावर मोजून बघ. स्वतः मोजलेलं मनात पक्कं बसतं.

पुढे गुणांची यादी येते. प्रत्येक गुणाचा क्रमांक ९ बिटांचा असतो, मग त्याचं मूल्य. नऊच्या नऊ बिट १ आले, म्हणजे ५११, की यादी संपली. तुझा प्रोग्राम सरकलेल्या जागेवरून हे ५११ शोधतो, म्हणून शेवट सापडत नाही. मूल्याला किती बिट लागतात हे फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. ते गेमच्या स्वतःच्या तक्त्यात असतं, त्याचं नाव आयटम-स्टॅट-कॉस्ट. तुझ्या आवृत्तीत वस्तूवरच्या स्ट्रेंग्थला ८ बिट आहेत आणि तिथेच दुसरा रकाना आहे: साठवताना ३२ मिळवा. तुझे जास्तीचे ३२ ते हेच. ढालीवर +५ असेल तर फाइलमध्ये ३७ असतं. एखाद्या वस्तूनं ताकद ५ नं कमी केली तर २७. ऋण चिन्हासाठी वेगळी सोय करण्याऐवजी सगळंच ३२ नं वर उचललं की उणे आकडेही शून्याच्या वर राहतात. मला ही युक्ती आवडते. वाचताना ३२ वजा कर आणि लिहिताना मिळवायला विसरू नकोस. विसरलास तर +५ ची वस्तू −२७ ची होऊन बसेल.

याच तक्त्यात आणखी एक खाचखळगा आहे. काही गुण एकटे येत नाहीत. थंडीच्या इजेचा क्रमांक ५४ एकदाच येतो, पण त्याच्यामागे तीन मूल्यं सलग असतात: कमीत कमी इजा, जास्तीत जास्त इजा आणि किती वेळ. विषाचं, म्हणजे ५७ चं, तेच. आगीचा ४८ आणि विजेचा ५० यांच्यामागे दोन-दोन. ही जोडीदार मूल्यं स्वतःचा क्रमांक घेऊन येत नाहीत. अंगठ्या दुरुस्त झाल्यावर तुझा प्रोग्राम नेमका इथे अडेल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

बिट कुठल्या बाजूनं घ्यायचे याचाही खुलासा करते, कारण बरेच जण इथे महिनाभर अडकतात. एका बाइटमध्ये १००१०११० आहे असं समज. आपण डावीकडून वाचायला सरावलेले, म्हणून पहिले तीन बिट १००, म्हणजे ४, असं वाटतं. या फाइलमध्ये उजवीकडून घ्यायचे: ११०, म्हणजे ६. पायथनमध्ये याची फार सोपी वाट आहे. वस्तूचे सगळे बाइट 'लिटल' क्रमानं एकाच मोठ्या पूर्णांकात बदल. मग हव्या त्या बिटापर्यंत तो आकडा उजवीकडे सरकव आणि हवे तेवढे बिट ठेवून बाकीचे झाकून टाक. पायथनचा पूर्णांक कितीही मोठा होऊ शकतो, त्यामुळे शंभर बाइटांची वस्तूही एकाच आकड्यात मावते.

आता परत लिहिण्याचं. तुझ्या पत्रात चेकसमचा, म्हणजे फाइल बिघडलेली नाही हे तपासायला तिच्यातच लिहिलेल्या बेरजेचा, उल्लेखच नाही आणि गेम पात्र उघडत नाही, म्हणजे कारण तेच. फाइलच्या सुरुवातीला ५५ एए ५५ एए ही चार बाइटांची ओळख असते (हे आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत आहेत). मग आवृत्तीचा क्रमांक, तुझ्याकडे ९६. आठव्या बाइटपासून फाइलची लांबी आणि बाराव्यापासून चार बाइट चेकसम. तो काढायची रीत अशी: आधी ते चार बाइट शून्य कर. बेरीज शून्यापासून सुरू. प्रत्येक बाइटला बेरीज एक बिट डावीकडे फिरव, डावीकडून बाहेर पडलेला बिट उजवीकडे आण, आणि मग तो बाइट मिळव. ३, ५, ९ हे तीनच बाइट असते तर: ३, मग ६ अधिक ५, म्हणजे ११, मग २२ अधिक ९, म्हणजे ३१. तेच ५, ३, ९ या क्रमानं ३५ येतात. साध्या बेरजेत दोन्ही वेळा १७ आले असते. नुसता आकडाच काय, जागेची अदलाबदलही पकडली जावी म्हणून हे फिरवणं आहे.

इथे पायथनचा तोच मोठेपणा अंगावर येतो. मूळ गेम ३२ बिटांतच हिशेब करतो, जास्तीचं सांडून जातं. पायथनमध्ये काहीच सांडत नाही, आकडा फुगत जातो. प्रत्येक फेरीला उत्तर ३२ बिटांत कापून घे. आणि क्रम पाळ: आधी वस्तू, मग लांबी, चेकसम अगदी शेवटी.

पण माझं ऐकशील तर ढालीला आत्ता हात लावू नकोस. आधी असा प्रोग्राम लिही, जो फाइल पूर्ण उलगडून वाचेल आणि काहीही न बदलता नव्या नावानं परत लिहील. मग दोन्ही फाइल बाइटला बाइट लावून ताडून बघ. एक बाइटही वेगळा निघाला तर तुझ्या वाचण्यात कुठेतरी खोट आहे, मग पडद्यावरची यादी कितीही बरोबर दिसो. दादाच्या प्रत्येक पात्रावर ही कसोटी उतरली की मगच बदल कर. मी शिकवत होते तेव्हा मुलांना बदलाची घाई असायची आणि ही पायरी कंटाळवाणी वाटायची. मला मात्र या कामात हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्या बिटांचा अर्थ तुला माहीत नाही तेही जसेच्या तसे परत जायला हवेत. 'हे निरुपयोगी दिसतात' म्हणून तिथे शून्य भरू नकोस. ते कोणाच्या तरी उपयोगाचे असतात.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. खूप वर्षांपूर्वी इथल्याच एका कार्यालयात मीटर वाचनाच्या फाइली एका यंत्रातून दुसऱ्यात नेण्याचं काम माझ्याकडे होतं. प्रोग्राम सी भाषेतला. फाइल लिहिताना मी ती बायनरी म्हणून उघडायची विसरले, मजकुराची म्हणून उघडली. त्या पद्धतीत १० हा बाइट म्हणजे ओळीचा शेवट समजला जातो आणि त्याच्याआधी १३ आपोआप घातला जातो. ज्या घराच्या नोंदीत कुठेही १० हा बाइट होता, तिथे एक बाइट जास्तीचा घुसला आणि तिथून पुढची सगळी घरं एकेक बाइट सरकली. चाचणीच्या फाइलमध्ये १० नव्हता, म्हणून आम्हाला काहीच दिसलं नाही. दोन रात्री बसून हातानं दुरुस्त केलं. घरी आल्यावर बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, 'खूण सरकली.' तेव्हापासून मी न बदलता परत लिहून ताडल्याशिवाय एकही फाइल कोणाच्या हाती दिलेली नाही. पायथनमध्ये फाइल उघडताना 'बी' अक्षर वाचतानाही हवं आणि लिहितानाही.

राहिलेल्या गोष्टी भराभर सांगते. वस्तूंच्या यादीच्या आधी जी संख्या असते, तिच्यात भोकांत बसवलेली रत्नं मोजलेली नसतात. ती आपापल्या मालक-वस्तूच्या लगेच मागे येतात. प्रत्येक वस्तू नव्या बाइटवर सुरू होते, म्हणून शेवटचे उरलेले बिट शून्यानं भरायचे. पुढची वस्तू शोधायला फाइलभर 'जेएम' शोधत फिरू नकोस. त्याचे ४ए ४डी हे दोन बाइट एखाद्या वस्तूच्या क्रमांकातही योगायोगानं शेजारी येऊ शकतात. आणि हे सगळं जुन्या गेमचं आहे. याच गेमच्या २०२१ साली आलेल्या नव्या रूपात, 'रिसरेक्टेड'मध्ये, प्रत्येक वस्तूपुढचं 'जेएम' काढून टाकलं आहे आणि वस्तूची खूण हफमन पद्धतीनं, कमी-जास्त लांबीच्या संकेतांत लिहिली आहे. जुना प्रोग्राम तिथे लावू नकोस. ऑनलाइन पात्रांचा प्रश्नच नाही, ती कंपनीच्या सर्व्हरवर असतात आणि तिथे दुसरेही लोक खेळत असतात.

यादी तयार झाली की दादाला नुसती नावं पाठवू नकोस, प्रत्येक वस्तू पेटीत कोणत्या रांगेत ठेवली होती तेही लिही. तेही त्या बिटांमध्येच आहे. सामान कसं लावलं होतं, यावरून आपल्या माणसाचा हात ओळखू येतो.

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही धरमपेठेत राहतो. माझा मुलगा सातवीत आहे. माइनक्राफ्टमध्ये, संगणकावरच्या जावा १.१६ मध्ये, त्याची एक पेटी होती आणि तिच्यात ६४ हिरे. मित्रानं दिलेल्या एका सॉफ्टवेअरनं त्यानं ६४ चे २०० केले. गेम उघडल्यावर पेटीत हिरेच नाहीत. त्या रात्री तो जेवला नाही. हिरे परत मिळतील का? आणि त्यानं केलं ती लबाडी म्हणायची का? मला संगणकातलं काही कळत नाही, पण त्याला समजावून सांगता येईल असं लिहा.

उत्तर: आधी हिऱ्यांचं. त्या सॉफ्टवेअरनं बदल करण्याआधी जुन्या फाइलची प्रत ठेवली असेल तर तिच्यातून परत येतील. नसेल तर हिऱ्यांची नोंद पुन्हा ६४ या आकड्यानं घालावी लागेल. 'लेव्हल डॉट डॅट' या फाइलची जुनी प्रत गेम स्वतः ठेवतो, पण तिचा इथे उपयोग नाही. पेटीतलं सामान तिच्यात नसतं. ते जगाच्या नकाशाबरोबर, 'रीजन' फोल्डरमधल्या फाइलींत असतं.

आता हिरे का गेले ते. मुलाला जवळ बसवून हे वाचून दाखवा, त्याला समजेल. त्या गेमच्या फाइलमध्ये प्रत्येक माहितीला तीन गोष्टी जोडलेल्या असतात: ती कोणत्या प्रकारची आहे, तिचं नाव काय आणि किंमत काय. त्याच्या ६४ हिऱ्यांची नोंद साधारण अशी होती: ०१ ०० ०५ ४३ ६एफ ७५ ६ई ७४ ४०. पहिला ०१ म्हणजे 'पुढे एका बाइटचा आकडा आहे'. ०० ०५ म्हणजे 'नाव पाच अक्षरांचं'. पुढची पाच म्हणजे 'काउंट' हा इंग्रजी शब्द. शेवटचं ४० हेक्समधलं आहे, आपल्या हिशेबात ६४. (ही नोंद फाइलमध्ये दाबून, झिप केल्यासारखी साठवलेली असते, म्हणून फाइल सरळ उघडून ती दिसणार नाही.)

एका बाइटमध्ये २५६ वेगवेगळे आकडे मावतात. ते शून्य ते २५५ असे वापरायचे की अर्धे उणे बाजूला द्यायचे, हे गेम लिहिणारे ठरवतात. इथे उणे बाजूला दिले आहेत, म्हणजे −१२८ ते १२७. तुमच्या मुलानं २०० लिहिले, ते बाइट म्हणून मावलेही. पण गेमनं तेच बिट वाचले तेव्हा २०० मधून २५६ वजा झाले आणि −५६ आले. उणे छप्पन्न हिरे. शून्य किंवा त्याहून कमी संख्या असलेली जागा गेम रिकामी समजतो, आणि पुढच्या वेळी जग साठवताना ती रिकामी म्हणूनच लिहितो. एप्रिल २०२४ च्या १.२०.५ आवृत्तीपासून ही संख्या चार बाइटांची झाली आहे, पण तुमच्याकडे जुनी आहे.

लबाडीचं विचारलंत. स्वतःच्या घरच्या, एकट्याच्या जगात त्यानं केलं. तिथे कोणाचं काही गेलेलं नाही. गेममध्येच वस्तू देण्याचा आदेशही आहे, त्यानं त्याला तेच हिरे मिळाले असते. मित्रांबरोबरच्या जगात करू नये, हे मात्र नक्की सांगा. माझ्या मते सातवीतल्या मुलानं फाइल उघडून आकडा शोधला, ही आनंदाची गोष्ट आहे. रागावू नका. १२७ लिहिले असते तर काय झालं असतं आणि १२८ लिहिले असते तर काय, हे त्याला वहीत सोडवायला सांगा.

प्रश्न: मी सक्करदऱ्याचा, वय ३६. २००० च्या सुमारास मामानं बाहेरून गेम बॉय (हातात धरून खेळायचं यंत्र) आणला होता, त्यासोबत पोकेमॉन रेड हा गेम. एका ठिकाणी 'मिसिंगनो' नावाचा मोडकातोडका पोकेमॉन भेटला की थैलीतल्या सहाव्या वस्तूचे नग शंभराच्या वर वाढायचे. नेमकी सहावीच का? पंचवीस वर्षं डोक्यात आहे. गेमचं काडतूस (कार्ट्रिज) अजून कपाटात आहे.

उत्तर: तुमच्या प्रश्नाचं उत्तर पूर्णपणे बोटांवर मोजून काढता येतं, म्हणून मला तो फार आवडला.

त्या गेममध्ये १५१ पोकेमॉन आहेत. कोणता पाहिला आणि कोणता नाही, याची नोंद प्रत्येकी एका बिटात. १५१ बिटांना १९ बाइट लागतात. स्मृतीमध्ये या १९ बाइटांना लागूनच थैली आहे. आधी एक बाइट: थैलीत किती वस्तू. मग प्रत्येक वस्तूचे दोन बाइट: कोणती वस्तू आणि किती नग. थैलीत वीसच वस्तू मावायच्या, ते तुम्हाला आठवत असेल.

मिसिंगनोचा यादीतला क्रमांक शून्य आहे. तो दिसला की गेम 'हा पाहिला' असा बिट लावायला जातो. पहिल्या पोकेमॉनचा बिट शून्यावर असल्यामुळे आधी क्रमांकातून एक वजा करतो. शून्यातून एक वजा, आणि आकडा एका बाइटचा. उत्तर −१ येत नाही, २५५ येतं. म्हणजे गेम २५५ वा बिट लावतो. २५५ ला ८ नं भागा: ३१ वा बाइट, त्याचा ७ वा बिट, म्हणजे सगळ्यात वरचा.

आता मोजा. ० ते १८ हे बाइट पोकेमॉनच्या नोंदीचे. १९ वा थैलीतल्या संख्येचा. पहिली वस्तू २० आणि २१, दुसरी २२-२३, तिसरी २४-२५, चौथी २६-२७, पाचवी २८-२९, सहावी ३० आणि ३१. एकतिसावा बाइट म्हणजे सहाव्या वस्तूचे नग. त्याचा वरचा बिट लागला की १२८ वाढतात. तो आधीच लागलेला असेल तर काहीच वाढत नाही, म्हणून लगेच दुसऱ्यांदा भेटून उपयोग व्हायचा नाही. आधी नग १२८ च्या खाली आणावे लागायचे. रेअर कँडी (पोकेमॉनची लेव्हल वाढवणारी वस्तू) सहाव्या जागेवर ठेवा असं तेव्हा जो कोणी सांगायचा, त्याला हे माहीत असायची गरज नव्हती, पण त्याचं म्हणणं बिटापर्यंत बरोबर होतं.

आणि काडतुसाविषयी, कृपा करून हे लवकर करा. त्यातली सेव्ह फाइल नाण्याएवढ्या एका सेलच्या आधारावर टिकून असते. सेल संपला की थैली, पोकेमॉन, तुम्ही तेव्हा दिलेलं नाव, सगळं पुसलं जातं. सेल बदलायला काडतूस उघडून जुना सेल काढला तरीही तेच होतं. म्हणून आधी काडतूस वाचणारं यंत्र मिळवून सेव्ह संगणकावर उतरवून घ्या. ती ३२ किलोबाइटची आहे, काही सेकंदांचं काम. उतरवलेली फाइल दोन वेळा वाचून दोन्ही प्रती ताडून बघा, जुन्या काडतुसांचे धातूचे पाय मळलेले असतात आणि एखादा बिट चुकतो. दोन्ही सारख्या निघाल्या की मग सेल बदला आणि ती परत आत लिहा.